भेंडी-मिरचीतील पिवळे चिकट सापळे: फवारणी केव्हा करावी?

प्रश्न (पेडणे):
नमस्कार. वायंगणी (रब्बी) हंगामात विहिरीच्या पाण्यावर मी भेंडी आणि मिरची सेंद्रिय पद्धतीने घेतो. गेल्या वर्षी भेंडीवर हळद्या रोग (पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा विषाणूजन्य रोग) आला होता, म्हणून यंदा रोपे उगवताच पिवळे चिकट सापळे लावले. आठवडा होण्याआधीच ते बारीक किड्यांनी भरून गेले आहेत. निंबोळी अर्क लगेच फवारावा का? आणि मिरचीसाठी निळे सापळे वेगळे लावावे लागतात का?

उत्तर (सत्तरी):
सापळा भरला एवढ्यावरून फवारणी ठरवू नये. पिवळ्या रंगाकडे पांढरी माशी, पंखांचा मावा, तुडतुडे आणि नागअळीची माशी येतात, तशीच पिकाला काहीही न करणारी चिलटेही येतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पाहा. डिंकात अडकलेल्या पांढऱ्या माशीच्या पंखांवरची भुकटी जाते आणि तिचे पिवळसर अंग तेवढे उठून दिसते, त्यामुळे पांढरा ठिपका शोधणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. सापळ्याची खालची कड पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर ठेवावी आणि भेंडी वाढेल तसा सापळा वर सरकवावा. जागा आणि मोजणीचा वार बदलू नये, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो आठवड्यागणिक चढतो की उतरतो, हे महत्त्वाचे आहे. आकडा चढू लागला की त्याच भागातील पानांची खालची बाजू तपासावी. पांढऱ्या माशीची पिल्ले आणि बिनपंखी मावा तिथेच असतात, सापळ्यावर कधीच येत नाहीत. हळद्याचा विषाणू मात्र थोड्या पांढऱ्या माश्याही पसरवतात, म्हणून पिवळ्या शिरांचे पहिले झाड दिसताच ते उपटून शेताबाहेर न्यावे. त्यासाठी सापळ्याच्या आकड्याची वाट पाहू नये.

उत्तर (फोंडा):
निळा रंग फुलकिड्यांना अधिक ओढतो, तरी ते पिवळ्यावरही येतात. त्यामुळे मिरचीत थोडे निळे सापळे पुरेत. पाने वरच्या बाजूला वळत असतील तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. खाली वळत असतील तर बहुधा कोळी (पानांचा रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड) असतो, आणि त्याला पंखच नसल्याने सापळा कोरा राहूनही पीक चुरडत जाते. सापळ्यांची संख्या मात्र वाढवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे: ढालकिडे, मधमाश्या आणि किडींवर जगणाऱ्या इवल्याशा परोपजीवी माश्याही त्याच डिंकात मरतात, आणि सेंद्रिय शेताचा भरवसा त्यांच्यावरच असतो.

उत्तर (डिचोली):
रस्त्याकडेच्या शेतात तांबडी धूळ बसून डिंक लवकर निकामी होतो. बोट लावून तो चिकटत नसेल तर सापळा बदला, नाहीतर किडी घटल्याचा खोटा समज होतो. शेजारी काकडी किंवा दोडका असेल, तर फळमाशीसाठी क्यू-ल्यूर या गंध-आमिषाचा सापळा वेगळा लागेल. त्यात फक्त नर येतात, त्यामुळे डंख झालेली फळे रोज वेचून नष्ट करावीच लागतात.