मदत हवी आहे: शेपूट आटत चाललेले बेडूकमासे

नमस्कार मंडळी. शेतातलं डबकं आटत होतं, म्हणून लेकीने वीसेक बेडूकमासे घमेल्यात आणले. आधी मागचे पाय फुटले, परवा पुढचेही आले. तेव्हापासून उकडलेल्या पालकाला तोंडही लावत नाहीत. शेपटीतलंच साठवण वापरतात आणि या काळात तोंड, आतडी बदलतात, एवढं ठाऊक आहे. पण काल दोन मेलेले तरंगताना दिसले, लेक रडरड रडली. कल्ले जाऊन फुप्फुसं आली की चढायला कोरडी जागा लागते; आता तिरपा दगड ठेवलाय.

शेपूट गेल्यावर इतक्या चिमुकल्या बेडकांना काय घालावं? मुंग्या चालतील का? कातडीतूनही श्वास घेतात, मग क्लोरीनचं नळाचं पाणी किती वेळ उघडं ठेवून वापरू? आणि बांधावर कधी सोडू? कुणी वाढवले असतील तर कृपया लवकर सांगा.