मदत हवी आहे : चित्रकार जॉर्ज सराच्या संध्याकाळच्या चित्राची प्रत करताना आकाश राखाडी पडते

नमस्कार. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्राव्हलीन येथे बिंदुवादी (म्हणजे शुद्ध रंगांचे सुटे ठिपके शेजारी शेजारी देऊन रंगवणाऱ्या) फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराने १८९० च्या उन्हाळ्यात काढलेल्या चार चित्रांपैकी संध्याकाळच्या चित्राची (मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे) अभ्यासप्रत मी तैलरंगांत करत आहे आणि आकाशापाशी अडले आहे. धक्क्यावरचा दिव्याचा खांब, जमिनीवर पडलेले जहाजांचे नांगर, शिडाच्या होड्या हे बऱ्यापैकी जमले. आकाश मात्र जवळून ठिपक्यांनी गजबजलेले दिसते आणि चार पावले मागे सरले की मळकट होते. खालचा थर पूर्ण वाळू देते, त्यामुळे रंग एकमेकांत कालवले जात असतील अशी शंका नको. झिंक यलो हा जस्तयुक्त पिवळा रंगही मुद्दाम टाळला आहे. सराच्या ‘ग्रांद जात’ या चित्रामध्ये तो कसा तपकिरी पडला हे आपण जाणताच.

तत्त्वतः कारण कळते. शेजारचे ठिपके दुरून पाहताना डोळ्यात त्यांची सरासरी होते, त्यामुळे निळा आणि नारिंगी असे पूरक (रंगचक्रावर समोरासमोर येणारे) रंग सारख्या प्रमाणात पेरले तर राखाडीच हाती लागणार. पूरक रंगांनी एकमेकांना उजळवण्याचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने मांडलेला परिणाम ठिपके सुटे दिसतात तोवरच जाणवतो. मग सराच्या आकाशात तो जांभळट-गुलाबी उजेड टिकतो कसा? मला वाटते, तेथे एकाच रंगकुळाचे वर्चस्व असावे आणि पूरक ठिपके अगदी विरळ असावेत.

खरी अडचण भाववृत्तीची आहे. १८९० च्याच ऑगस्टमध्ये लेखक मोरिस बोबूर्गला लिहिलेल्या पत्रात सराने शांततेसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : उजळ-गडदाचा समतोल, उष्ण-शीत रंगांचा समतोल आणि आडव्या रेषा. आडव्या रेषा क्षितिज आणि धक्का देतातच. पण उष्ण-शीत समतोल आकाशात पाळायला गेले की आधी सांगितलेला राखाडीपणा येतो, आणि नाही पाळला तर संध्याकाळ भडक होते.

हा समतोल प्रत्येक पृष्ठभागात स्वतंत्रपणे साधायचा, की आकाश शीत ठेवून उष्ण बाजू धक्क्याच्या वाळूरंगाने सांभाळायची? सध्या आकाशासाठी अल्ट्रामरीन (निळा), कोबाल्ट व्हायोलेट (जांभळा), रोझ मॅडर (गुलाबी-लाल) आणि थोडा कॅडमियम ऑरेंज वापरते, प्रत्येकात भरपूर पांढरा मिसळून. बिंदुवादी पद्धतीने प्रत्यक्ष काम केलेल्यांनी नारिंगीचे प्रमाण किती ठेवावे आणि क्षितिजाकडे ठिपका लहान करावा का, हे कृपया सांगावे.