'सुमार कौटुंबिक जादूपट' : शब्द बरोबर आहेत का?

प्रश्न : डिस्नेच्या 'द सॉर्सरर्स अप्रेंटिस'बद्दल (2010, निकोलस केज) 'सुमार कौटुंबिक जादूपट' असं लिहिलं तर चालेल? आणि नावाला मराठी काय, 'मांत्रिकाचा चेला'?

—

आधी 'कौटुंबिक' काढा. मराठीत कौटुंबिक चित्रपट म्हटला की सासू-सून, वाटण्या आणि रडारड आलीच. तुम्हाला म्हणायचंय ते आजी-नातवंडांना शेजारी बसून न अवघडता बघता येईल असा. म्हणजे 'सहकुटुंब पाहण्याजोगा'.

—

'सुमार' मूळ फारसी 'शुमार', म्हणजे मोजणी. ती मोजणी 'बेसुमार'मध्ये टिकली, 'दहाच्या सुमारास'मध्ये नुसता अंदाज उरला. पण 'सुमार दर्जा' आज सरळ हलक्याकडे झुकतो. या सिनेमाला तो जरा जास्तच लागतो. गोष्ट ठोकळेबाज आहे, पण आल्फ्रेड मोलिनाचा खलनायक आणि टेस्ला कॉइलवर (विजेच्या ठिणग्या उडवणाऱ्या यंत्रावर) गाणं वाजवण्याचा प्रसंग चांगले जमलेत. 'यथातथा' लिहा. 'बरा' नको : बोलताना तो सुरावर चालतो, छापला की कौतुक की नापसंती तेच कळत नाही.

—

मांत्रिक तर अजिबात नको. मांत्रिक म्हणजे लिंबू, उतारा, अंगात आलेलं काढणं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या बातम्यांमुळे तर 'भोंदू' हे विशेषण त्याला चिकटूनच येतं. इथली जादू चालते अंगठीतून, आणि पटवली जाते पदार्थविज्ञानानं : रेणूंची हालचाल वाढवली की आग. 'जादूगार' म्हटल्यावर जादूगार रघुवीरांसारखे रंगमंचावरचे प्रयोग आठवतील, हे खरं. पण संदर्भानं ते निभावतं.

डबिंग करायचं असेल तर आणखी एक. 'सॉर्सरर' म्हणताना ओठ मिटत नाहीत, 'मांत्रिक'च्या 'मां'ला मिटतात. क्लोजअपमध्ये हे लगेच खटकतं. 'जादूगार' तिथे बिनबोभाट बसतो.

—

आणि 'अप्रेंटिस'? आयटीआय-एसटीच्या जाहिरातींतला शब्द आहे 'शिकाऊ उमेदवार', वकिलाकडेही 'उमेदवारी' करतात. पण 'जादूगाराचा उमेदवार' म्हटलं की निवडणूकच डोळ्यांपुढे येते.

—

'चेला' कुत्सित, मागे-मागे फिरणारा. 'शागीर्द' घ्या, उस्तादाच्या हाताखाली राबणं त्यात आपसूक येतं. मूळ गोष्टही तीच. जर्मन कवी गटेची कविता 1797 ची, तिच्यावर फ्रेंच संगीतकार पॉल द्युकानं 1897 मध्ये संगीत रचलं आणि डिस्नेच्याच 1940 च्या 'फँटेसिया' या ॲनिमेशनपटात मिकी माऊस तो शागीर्द झाला. झाडूला कामाला लावायचं, थांबवायचं कसं ते ठाऊक नाही, घरभर पाणी. आपल्याकडे त्याला अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात. 2010 च्या सिनेमातही झाडू-पोछ्यांचा तो प्रसंग मुद्दाम घेतलाय, तेव्हा नावात 'शागीर्द' हवाच.

—

'जादूपट' मात्र ठेवा. युद्धपट, भयपट, चरित्रपट चालतात तर तो का नको? मारामारीही सांगायची तर 'अद्भुतरम्य साहसपट'. 'मारधाडपट' म्हटलं तर पोरांना घेऊन कुणी जायचं नाही. आणि 'अद्भुत'मधला 'भु' ऱ्हस्व. पोस्टरवर हमखास दीर्घ छापतात.