घरातला दुभाषी मीच: देश सोडून आलेल्या घरांतल्या मुलामुलींचे अनुभव

स्थलांतरित किंवा निर्वासित घरात वाढलेल्यांनी इथे लिहा, अगदी रोजचं लिहा. सुरुवात मी करते.

मी नऊ वर्षांची होते, डॉक्टर बोलणार आणि मी आईला आमच्या भाषेत सांगणार असं ठरलेलं. आईच्या छातीत गाठ होती. बायॉप्सी म्हणजे काय ते मला कळलं नाही पण डॉक्टर माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघून बोलत होते ते कळलं, मी आईला म्हटलं छोटी टेस्ट आहे गं, घाबरू नकोस. गाठ साधी निघाली, पण रिपोर्ट येईपर्यंत मी रोज रात्री आईचा पदर मुठीत धरून झोपायचे. पोराला दुभाषी करू नका हो, फोनवरून का होईना पण मोठं माणूस द्या.

ताई, वाचून पोटात तुटलं. माझं वेगळंच. पळताना दाखले राहिले, नोंदणीवाल्याने आम्हा तिन्ही भावंडांची जन्मतारीख १ जानेवारी लिहिली, वर्ष अंदाजाने. माझं दोन वर्षांनी चुकलं, त्यामुळे कागदावर मी १८ चा झालो तेव्हा खरा १६ चा होतो आणि अल्पवयीन म्हणून मिळणारी सगळी मदत एका दिवसात बंद. आई अजून सांगते, तू झालास तेव्हा धो धो पाऊस होता. तारीख तिलाही आठवत नाही.

मी निर्वासित म्हणून वाढले. शाळेत काही जाणवलं नाही, १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम २२ मध्ये प्राथमिक शिक्षण नागरिकांसारखंच द्या असं आहे, पण त्यापुढे निदान इतर परदेशी लोकांइतकं, बस. ते कॉलेजच्या फॉर्मवर कळलं. आणि टीमसोबत परदेशी मॅचला निघालो तर बाकीच्यांचे पासपोर्ट, माझं निर्वासितांचं प्रवासपत्र. काउंटरवरच्या माणसाने पानं उलटसुलट केली, फोन लावला, अख्खी टीम बॅगांवर बसून माझी वाट बघत होती आणि कुणी काही बोललं नाही म्हणून जास्तच लागलं.

माझं छोटंसंच आहे. आजीशी फोनवर बोलताना आपल्या भाषेतला ‘उंबरठा’ आठवेना, मी हाताने दाखवायला लागले, व्हिडिओ बंद होता. आजी म्हणाली, थांब बाळा, तू नुसतं त्याचं काय करतात ते सांग, शब्द मी सांगते.