पसरणारी गोळी नागरिकांना मिळावी का?

प्रश्न (यावल): सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आणि मका आहे, वडिलांकडे पीकसंरक्षणासाठीचा शस्त्रपरवाना आहे. लागताच पसरणाऱ्या गोळीने जनावर तडफडत न राहता लवकर मरते, असे वाचले. मग १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात वर्ज्य ठरवलेली हीच गोळी अनेक देशांत शिकाऱ्यांना कशी मिळते?

उत्तर (भुसावळ): ती घोषणा राष्ट्रांमधील युद्धापुरती आहे. पसरणारी गोळी शरीरातच थांबण्याची शक्यता अधिक असल्याने मागे उभ्या असलेल्या माणसाला धोका कमी, हा युक्तिवाद मला पटतो. चिलखतभेदी गोळीचे तसे नाही. तिचा पोलादी किंवा टंगस्टनचा गाभा रानडुकरासाठी घडवलेला नसतो, आणि अमेरिकेने १९८६ मध्ये पिस्तुलातून झाडता येणाऱ्या अशा गोळ्यांवर कायद्याने निर्बंध आणले.

उत्तर (धुळे): आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड आणि विषारी द्रव वा वायू असलेला दारूगोळा निषिद्ध आहे, शिवाय केंद्र सरकार त्यात भर घालू शकते. दादा, आणखी एक, आणि हे जास्त महत्त्वाचे: शस्त्रपरवाना असला तरी रानडुकरावर गोळी झाडण्यासाठी वन्यजीव अधिनियम, १९७२ खाली वेगळी परवानगी लागते.

प्रश्नकर्ता: वेगळ्या परवानगीची बाब वडिलांनाही ठाऊक नव्हती. उद्याच वनकार्यालयात चौकशी करतो.