मदत हवी आहे: गोव्याची हाफ आयर्नमॅन, गुडघा आणि आईचं जाणं

नमस्कार मंडळी. हाफ आयर्नमॅन म्हणजे एकाच शर्यतीत 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल, 21.1 किमी धावणं, सगळं साडेआठ तासांत. नाव नोंदवलं तेव्हा आई होती, फिनिशला येणार होती. श्रावणात ती गेली. शर्यत मला पूर्ण करायचीच आहे.

पाण्यात तोंड घातलं की हुंदका येतो, श्वासाची लय तुटते, गॉगल आतूनच भरतो. समुद्रात असं झालं तर काय करता? मदतीसाठी असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबता येतं, पुढे सरकायचं नाही, हा नियम माहीत आहे. पाठीवर तरंगावं की ब्रेस्टस्ट्रोक मारावा?

शिवाय उजव्या गुडघ्याला बाहेरून कळ येते. फिजिओ आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा जाड पट्टा) दुखावलाय म्हणाले, सायकलची सीट खाली घेतली, तरी उतारावर धावताना दुखतंच. घरचं माणूस गेल्यावर शर्यत केलेल्यांनी जरूर लिहा.