ग्लोरिया ग्रॅहमची कारकीर्द खरंच 'वाया गेली'?

काळोखातली खुर्ची (धागाकर्ता)

परवा आमच्या सिनेमावेड्यांच्या गटात एकाने ग्लोरिया ग्रॅहमचा फोटो टाकला. खाली ओळ होती: हॉलिवूडमधली सगळ्यात वाया गेलेली नटी, ऑस्कर मिळालं आणि मग स्वतःच्या हाताने सगळ्याची माती केली. लगेच वीसपंचवीस अंगठे. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी सुप्रभातचं फूल चिकटवतं. म्हणून इथे लिहितो. (सिनेमांचे शेवट खाली सरसकट फोडलेत. सत्तर वर्षांनंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.)

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९२३, लॉस एंजेलिस. आई ब्रिटिश रंगभूमीवरची, अभिनय तिनेच शिकवला. ब्रॉडवेवर काम करत असताना एमजीएम स्टुडिओच्या लुई मेयरने पाहिलं आणि १९४४मध्ये करार केला. एमजीएमला तिचं करायचं काय ते कळेना, म्हणून १९४७मध्ये करार आरकेओ या दुसऱ्या स्टुडिओला विकून टाकला. त्याच वर्षी 'क्रॉसफायर' आला. त्यात ती दोनच प्रसंगांत आहे, नाचघरातली थकलेली पोरगी, आणि तेवढ्यावर ऑस्करचं नामांकन. पुढे १९५०ला 'इन अ लोनली प्लेस', १९५२ला 'सडन फिअर' आणि 'द बॅड अँड द ब्यूटिफुल' (याच्यासाठी ऑस्कर), १९५३ला 'द बिग हीट', १९५४ला 'ह्यूमन डिझायर'. सात-आठ वर्षांत एवढं काम! नॉयरमध्ये (गुन्हा, संशय आणि अंधार यांचे ते सिनेमे) नायिका बऱ्याच होऊन गेल्या. या जातीच्या सिनेमाचा श्वासच जिच्या नाकातून चालतो अशी मला ही एकच वाटते.

आता 'माती केली'बद्दल. पुरावा म्हणून नेहमी पुढे केलं जातं ते १९६०चं लग्न. दिग्दर्शक निकोलस रे हा तिचा दुसरा नवरा. त्याच्याशी १९५२मध्ये घटस्फोट झाला आणि आठ वर्षांनी तिने त्याच्या आधीच्या लग्नाच्या मुलाशी, टोनीशी लग्न केलं. गहजब झाला, मान्य. पण तिच्या भूमिका आटल्या १९५६च्या सुमारास. १९६०च्या लग्नाने १९५६ची ओहोटी कशी येईल, हे कुणीतरी मला कागदावर मांडून दाखवा.

माझं मत: तिच्यासाठी हॉलिवूडकडे एकच कप्पा होता. तो नॉयरचा. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात तो कप्पाच बंद झाला. पण असेपर्यंत तिने त्यात जे करून ठेवलं ते बऱ्याच 'यशस्वी' नट्यांना चाळीस वर्षांत जमलं नाही.

---

अर्धा कप

असहमत. खुर्चीराव, तुम्ही प्रेमात पडला आहात, त्यामुळे तुमचं मोजमाप बाद.

'द बॅड अँड द ब्यूटिफुल'मध्ये बाई पडद्यावर किती वेळ आहेत? साडेनऊ मिनिटांच्या आसपास. दक्षिणेकडचा लाडिक उच्चार, लेखक नवऱ्याच्या मागेपुढे करणं, आणि संपलं. त्या वर्षी तिच्यासमोर 'सिंगिंग इन द रेन'ची जीन हेगन होती. ती किनऱ्या आवाजाची लीना लॅमाँट आठवा! ते ऑस्कर हेगनचं होतं, हे आज कुणालाही विचारा. तेव्हा 'ऑस्कर मिळूनही वाया गेली' या वाक्यातलं ऑस्करच मुळात उसनं आहे.

आणि १९५५चं 'ओक्लाहोमा!' तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. नॉयरबाहेरची मोठी संधी हीच. गाता येत नसताना संगीतिकेत घेतलं, गाणी तुकड्या-तुकड्यांनी जोडून काढावी लागली, आणि सेटवर ती कुणाशी नीट वागली नाही ही ख्याती तिथूनच पसरली. तारखांचंच गणित करायचं तर १९५५नंतर १९५६ येतं.

---

ठाण्याची मावशी

मला एवढं तांत्रिक कळत नाही. पण एवढं देखणं रूप असून वरच्या ओठाचा ध्यास कशाला घ्यायचा? ओठ फुगीर दिसावा म्हणून आतून बोळे काय ठेवायचे, शस्त्रक्रिया काय करून घ्यायच्या, शेवटी ओठ हलेनासा झाला म्हणतात. ही मातीच ना? स्टुडिओने नव्हती सांगितली.

---

काळोखातली खुर्ची (धागाकर्ता)

मावशी, स्टुडिओने सांगितलं नसेल, पण पंधरा फुटी पडद्यावर रोज स्वतःचा ओठ पाहावा लागला असता तर तुमचं-माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. आणि गंमत बघा, त्या अर्धवट हलणाऱ्या ओठातूनच तिचं ते बोलणं आलंय. झोपेतून नुकती उठल्यासारखं, शेवटचं अक्षर अर्धवट सोडून देणारं. डबिंगवाल्यांना विचारा, त्याची नक्कल होत नाही.

अर्धा कप, हेगनबद्दल शंभर टक्के मान्य. मी असतो तर मीही हेगनलाच दिलं असतं. पण मग तुम्हीच माझी बाजू मांडताय. तिला बक्षीस मिळालं ते एमजीएमच्या गुळगुळीत सिनेमातल्या गोड बायकोबद्दल, म्हणजे ज्या स्टुडिओने तिला विकून टाकलं होतं त्याच स्टुडिओच्या सिनेमाबद्दल. त्याच वर्षीच्या 'सडन फिअर'मध्ये ती जोन क्रॉफर्डसमोर उभी राहते, त्याबद्दल तिच्या वाट्याला काहीच आलं नाही.

'ओक्लाहोमा!' मी गाळलं कारण ते मलाही पाहवत नाही.

---

वाकडी वाट

माझा आक्षेप दोघांनाही आहे. तुम्ही 'तिने केलं' आणि 'त्यांनी केलं' यात अडकलात. तिने काय काम केलं ते तरी नीट बघा.

सगळे 'द बिग हीट'ची आरती ओवाळतात. काय आहे त्यात? गुंडाची मैत्रीण डेबी. सतत आरशात बघणारी, मिंकचा, म्हणजे महागड्या फरचा, कोट मिरवणारी. तो गुंड, म्हणजे ली मार्व्हिन, चिडतो, शेगडीवर उकळत असलेलं कॉफीचं भांडं उचलतो आणि चौकटीबाहेर भिरकावतो. आपल्याला फक्त किंकाळी ऐकू येते. बाजूच्या खोलीत पत्ते खेळत बसलेल्या पोलीस आयुक्तालाच तिला दवाखान्यात न्यायला सांगतात. दिग्दर्शक फ्रिट्झ लँगचं कौशल्य वादातीत. पण मोजा: एक बार-बाला छळ करून मारली जाते, नायकाची बायको गाडीतल्या बॉम्बने, भ्रष्ट पोलिसाची विधवा डेबीच्या गोळीने आणि शेवटी डेबी. चार बायका. आणि नायक, पोलीस झालेला ग्लेन फोर्ड? पुन्हा आपल्या टेबलावर येऊन बसतो, नवीन केस येते, आणि निघताना सहकाऱ्याला सांगून जातो की कॉफी गरम ठेव. कॉफी! लँगने ते मुद्दाम केलं असेल, पण प्रेक्षक तर टाळ्या वाजवून बाहेर पडतो.

ज्या प्रकारात बाईने जरा स्वतःसाठी काही मागितलं की तिचा चेहरा जाळतात, त्या प्रकाराची 'श्वास' म्हणून तिला मिरवणं मला तरी अवघड जातं. ती फार चांगली नटी होती. तिला त्यातून बाहेर पडता आलं नाही, हेच वाया जाणं.

---

रिळ क्रमांक तीन

मी जरा धंद्याचं बोलतो. बार्बरा स्टॅनविक घ्या. 'डबल इन्डेम्निटी' १९४४, 'सॉरी, राँग नंबर' १९४८, दोन्हींना नामांकन, म्हणजे नॉयरमध्ये तीही आकंठ. तरी १९६५ ते १९६९ 'द बिग व्हॅली' या टीव्ही मालिकेत मुख्य भूमिका करत होती. कप्पा बंद झाला तर तिच्यासाठी का नाही झाला? कारण तिने स्वतःला एका स्टुडिओच्या दावणीला कायमचं बांधून घेतलं नाही. पाश्चिमात्य घोडेपट, विनोदी, कौटुंबिक, सगळीकडे पाय रोवून ठेवले. वेळेवर येणारी, सगळ्या तंत्रज्ञांची लाडकी. धंद्यात या गोष्टी टॅलेंटइतक्याच महत्त्वाच्या असतात. ग्रॅहमकडे टॅलेंट होतं, व्यवहार नव्हता.

---

काळोखातली खुर्ची (धागाकर्ता)

रिळसाहेब, तुलना थोडी अन्यायाची होतेय. स्टॅनविक ग्रॅहमपेक्षा सोळा वर्षांनी मोठी. नॉयर यायच्या आधीच ती मोठी स्टार होती, सौदा करायची तिची ऐपत होती. ग्रॅहम आरकेओत गेली आणि वर्षभरात, १९४८मध्ये, ती कंपनी हॉवर्ड ह्यूजने विकत घेतली. हा माणूस नट्यांना कपाटात ठेवल्यासारखा ठेवायचा. तिची चांगली कामं कुणाकडची आहेत बघा: 'लोनली प्लेस' कोलंबियाचं, 'बिग हीट' कोलंबियाचं, 'ह्यूमन डिझायर' कोलंबियाचं. ह्यूजच्या काळात स्वतःच्या कंपनीने तिला काय दिलं? 'मकाव'मध्ये एक बाजूची भूमिका. व्यवहार करायला हातात पत्ते लागतात.

वाकडी वाट, तुमचा मुद्दा मात्र टोचला. पण डेबीचं एक तुम्ही सोडून दिलंत. त्या विधवेला भेटायला ती जाते तेव्हा दोघींच्याही अंगावर मिंक असतो. डेबी तेच बोलून दाखवते, की या कोटाखाली आपण दोघी बहिणीच. ग्रॅहम ते वाक्य ना टोमणा म्हणून टाकते, ना रडून. दुकानात कापडाचा पोत ओळखावा तसं सहज म्हणते, आणि गोळी घालते. ती मेली की नवऱ्याचा कबुलीजबाब बाहेर येणार, हे डेबीला ठाऊक असतं. नायकाला स्वतःला जे करवत नाही ते ती करून येते. मरताना मिंकचा कोट जळक्या गालावर ओढून घेते आणि त्याला बायकोबद्दल विचारते. आधी त्याने सांगायला नकार दिलेला असतो. आता तो घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगत राहतो आणि ती ऐकता ऐकता जाते. कथेत बाईला शिक्षा लिहिली आहे, मान्य. पण त्या दहा मिनिटांत सिनेमा ग्लेन फोर्डचा राहत नाही.

---

वाकडी वाट

हे पटलं असं म्हणणार नाही, पण तो प्रसंग परत बघेन.

तोवर माझ्याकडून एक. तिचं सगळ्यात मोठं काम 'इन अ लोनली प्लेस', कारण तिथे तिला ना पिस्तूल आहे ना जळका गाल. लॉरेलला, म्हणजे ग्रॅहमला, संशय आहे की ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याने खून केला असावा. ती रात्रभर झोपलेली नाही. बोगार्ट तिच्या स्वयंपाकघरात न्याहारी करतोय. द्राक्षफळ कापायची वाकडी सुरी असते ना, ती त्याने हाताने सरळ करून टाकली आहे, कारण ती वाकडीच असते हे त्याला माहीत नाही. तो खुशीत लग्नाचं बोलतो. आणि तिच्या चेहऱ्यावर हसू, पेंग आणि भीती एकाच वेळी. संवाद निम्मेही ऐकले नाहीत तरी चालतं. त्या सुरीकडे बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

आणि हे करताना दिग्दर्शकाच्या खुर्चीत कोण, तर नवरा, ज्याच्याशी तिचं त्याच चित्रीकरणात फाटलं होतं आणि दोघांनी ते लपवून ठेवलं होतं. मूळ पटकथेत शेवटी बोगार्ट तिचा गळा दाबून मारतो. निकोलस रेने तो शेवट चित्रित करूनही टाकून दिला. नव्या शेवटात निर्दोष असल्याचा फोन येतो, पण उशीर झालेला असतो. ती जिवंत राहते. नॉयरमध्ये बाईला जिवंत ठेवून इतकं हरवता येतं, हे बाकीच्यांना सुचलं नाही.

---

चौथा अंक

एवढी चर्चा परदेशी नट्यांवर. आपल्या मुंबईतली नादिरा कुणाला आठवते का? 'आन'मधली राजकन्या, मग 'श्री ४२०'मधली माया, आणि पुढे जन्मभर तोच शिक्का. सिगारेटचा होल्डर तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

---

काळोखातली खुर्ची (धागाकर्ता)

चौथा अंक, नादिरावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे मिसळलं तर दोघींवर अन्याय होईल.

---

ठाण्याची मावशी

काल लेकाने 'बिग हीट' लावून दिला. कॉफीच्या आधीच मी उठून ओट्याकडे गेले, किंकाळी तिथूनच ऐकली. ओठाचं माझं मत कायम आहे. पण शेवटी तो कोट गालावर ओढते तेव्हा मी चष्मा पुसला, एवढं खरं.

---

अर्धा कप

मावशी फितूर झाल्या. असो.

खुर्चीराव, तुमच्या 'कप्पा बंद झाला'ला धरून काल १९५९चा 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' पाहिला, रॉबर्ट वाइजचा. नॉयरच्या अगदी शेवटच्या काळातला. ग्रॅहम शेजारीण आहे. रॉबर्ट रायनच्या दारात येते आणि माणूस मारताना कसं वाटलं ते त्याला विचारते. बस्स, एवढंच काम. पस्तिशीची बाई, ऑस्कर घरात, आणि पडद्यावर मोजकी मिनिटं. पण दार लावून घेताना ती ज्या नजरेने आत बघते, त्यानंतर रायनच्या प्रेयसीचे प्रसंग मला फिके लागले, आणि प्रेयसीच्या भूमिकेत शेली विंटर्स आहे, साधीसुधी नटी नाही.

हेगनचं ऑस्कर मात्र मी सोडणार नाही.